मेंढरांचे जंत: पळसपापडी, वावडिंग की दुकानातली बाटली?

माळावरचा (१२ जुलै, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. पुरंदर तालुक्यात सासवडपासून जरा आत आमचं गाव. घरची ऐंशी दख्खनी मेंढरं आहेत. मी नोकरीला हडपसरला असतो, कळप वडील आणि चुलते बघतात.

यंदा पहिला पाऊस पडून पंधरा दिवस होत नाहीत तोच मेंढरांना ढाळ लागली. अंग सुटलं, चालताना मागं पडायला लागली, तिघींच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली. दोन मेंढ्या गेल्या, त्यातली एक तीन वेळा व्यालेली, वडिलांची लाडकी. मे अखेरीस अल्बेंडाझोल पाजलं होतं, २० जूनला परत पाजलं. काही फरक नाही. गेली पाच-सहा वर्षं आम्ही हेच औषध पाजतोय.

वडील म्हणतात, "बाटलीत आता काही राम राहिला नाही. तुझा पणजा पळसपापडी, वावडिंग आणि ओवा कुटून ताकातून पाजायचा. तेच करू." (पळसपापडी म्हणजे पळसाच्या बिया.) मला त्यांचा शब्द मोडायचा नाही, पण ऐंशी जिवांचा प्रश्न आहे. हे कुणी खरंच करून बघितलंय का? किती दिलं, कसं दिलं, गुण आला हे कशावरून ठरवलं? ऐकीव नको, हाताखालचा अनुभव हवा आहे.

वाघरवाला (१२ जुलै, रात्री ९:४८)

आम्ही इंदापूरकडचे. आमच्या आज्याकडं हेच औषध होतं. पळसपापडी उन्हात वाळवून वरचं साल काढायचं, जात्यावर भरडायची, वावडिंग निम्म्यानं आणि गुळाचा खडा. सकाळी उपाशीपोटी बांबूच्या नाळीतून पाजायचे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लेंड्यांतून पांढरे तुकडे पडायचे हे मी डोळ्यांनी बघितलंय. माप विचाराल तर मूठ. मोठ्या मेंढीला भरून मूठ, कोकराला चिमटीनं.

चिंचेखाली (१२ जुलै, रात्री १०:०२)

आमच्या घरात बाळाला वावडिंगाचं पाणी देतात, आता कळतंय की मेंढरालाही तेच. डबे तेवढे वेगळे ठेवा हो! बाकी विषय जिव्हाळ्याचा आहे, वाचतोय.

गुरांचा_डॉक्टर (१२ जुलै, रात्री ११:२०)

माळावरचा, आधी तुमच्या दोन मेंढ्यांबद्दल वाईट वाटलं. जबड्याखालची सूज आणि मागं पडणं ही रक्त कमी झाल्याची खूण आहे. आपल्याकडे पावसाळ्यात त्यामागे बहुतेक वेळा हिमाँकस नावाचा जंत असतो. तो आतड्यात नाही, चौथ्या पोटात चिकटतो आणि रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घेतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हजार जंत झाले की रोजचे ५० मिली. तीस किलोच्या मेंढीच्या अंगात सगळं मिळून दोन लिटरच्या आसपास रक्त असतं. मग हिशेब तुम्हीच करा. एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते. उबदार ओल मिळाली की आठवड्याभरात त्यातून गवतावर चढणाऱ्या अळ्या तयार होतात.

वाघरवाला यांनी बघितलेले पांढरे तुकडे पट्टकृमीचे. भाताच्या शितासारखे दिसतात म्हणून मालक घाबरतो. पण मोठ्या मेंढीला त्याचा फारसा त्रास नसतो. जीव घेणारा हिमाँकस लेंडीत दिसतच नाही, त्याची अंडी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. त्यामुळे तुकडे पडले म्हणजे औषध लागू पडलं असं धरू नका.

आता मला दोन गोष्टी सांगा. अल्बेंडाझोल किती टक्क्यांचं होतं आणि प्रत्येकीला किती मिली पाजलं? आणि उद्या सकाळी उजेडात प्रत्येक मेंढीची खालची पापणी खाली ओढून आतला रंग बघा.

माळावरचा (१३ जुलै, सकाळी ९:३५)

डॉक्टरसाहेब, बाटली २.५ टक्क्यांची. दुकानदारानं सांगितलं त्याप्रमाणे सरसकट ५ मिली.

पापण्या बघितल्या. अकरा मेंढ्यांच्या पांढऱ्या फटक, वीसेक फिक्या गुलाबी, बाकीच्या बऱ्या. वडिलांना हे बघणं फार पटलं. स्वतःच एकेक पकडून दाखवत होते.

गुरांचा_डॉक्टर (१३ जुलै, दुपारी १:१५)

२.५ टक्के म्हणजे १ मिलीत २५ मिलिग्रॅम. मेंढीला किलोमागे ७.५ मिलिग्रॅम धरलं तर तीस किलोला २२५ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे ९ मिली. तुम्ही जवळपास निम्मं देत होतात, तेही पाच-सहा वर्षं. अर्ध्या मात्रेत कच्चे जंत मरतात आणि पक्के उरतात, मग त्यांचीच पिलावळ वाढते. ही गोष्ट नवी नाही. याच गटातलं थायाबेंडाझोल १९६१ साली बाजारात आलं आणि १९६४ मध्येच त्याला न जुमानणारा हिमाँकस मेंढ्यांत सापडला.

आणखी एक. अल्बेंडाझोल सोडून फेनबेंडाझोल आणलं म्हणजे औषध बदललं असं होत नाही, दोन्ही एकाच गटातली. लेव्हामिसोल वेगळ्या गटाचं, आयव्हरमेक्टिन वेगळ्या, क्लोझँटेल आणखी वेगळ्या. त्या अकरा मेंढ्यांवर आज कुठलाही काढा करून बघू नका. गावाच्या डॉक्टरांना बोलवा, गट बदलून, वजनाप्रमाणे औषध द्या. पळसपापडीचं आपण नंतर सावकाश बोलू.

रोखठोक (१३ जुलै, दुपारी २:०५)

सावकाश तरी कशाला बोलायचं? झाडपाल्यात दम असता तर जगभर बाटल्या विकल्या गेल्या असत्या का? आजोबांच्या काळी मेंढरं मरत नव्हती असं थोडंच आहे. मरायची, फक्त मोजली जात नव्हती.

रानवेडी (१३ जुलै, दुपारी ३:३०)

रोखठोक, मोजली जात नव्हती हे मान्य. पण दम नाही हे अमान्य. २०१५ चं वैद्यकाचं नोबेल दोन शोधांना विभागून मिळालं. एक आयव्हरमेक्टिनचा, जे जपानातल्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून आलं. दुसरा तू यूयू यांचा, ज्यांनी दवण्याच्या जातकुळीतल्या एका चिनी वनस्पतीतून हिवतापावरचं आर्टेमिसिनिन काढलं. म्हणजे तुमच्या बाटलीचं मूळही कुणाच्या तरी पायाखालच्या मातीतच आहे.

आता आपल्या झाडांबद्दल. मी वनस्पतीशास्त्र शिकवते आणि सुट्टीत भोर-वेल्ह्याकडे भटकते, म्हणून हा विषय माझ्या आवडीचा. वावडिंगात एम्बेलिन नावाचं द्रव्य असतं, पळसाच्या बीत पॅलासोनिन. कपिला म्हणजे आपली शेंद्री, तिच्या फळावरची लाल भुकटी पट्टकृमीवर जुन्या काळापासून वापरतात आणि तिनं जुलाबही होतात. किरमाणी ओव्यातलं सँटोनिन तर एकेकाळी माणसांच्या जंतांवरचं प्रमुख औषध होतं. डाळिंबाच्या मुळाच्या सालीतही पट्टकृमीवर चालणारी द्रव्यं आहेत. हे सगळं प्रयोगशाळेत वेगळं करून तपासलेलं आहे.

पळसपापडीवर तर थेट मेंढ्यांवरचा अभ्यास आहे. फैसलाबादच्या संशोधकांनी २००६ मध्ये छापला. बियांची भुकटी किलोमागे १, २ आणि ३ ग्रॅम अशी दिली. ३ ग्रॅमला दहाव्या दिवशी लेंडीतली अंडी सुमारे ७८ टक्क्यांनी घटली.

वाघरवाला (१३ जुलै, सायंकाळी ६:१०)

ताई, किलोमागे ३ ग्रॅम म्हणजे तीस किलोच्या मेंढीला ९० ग्रॅम! आमची मूठ काट्यावर ठेवली तर पस्तीस-चाळीस भरेल. म्हणजे आज्याचं औषध खरं होतं पण माप उणं होतं म्हणायचं.

रानवेडी (१३ जुलै, सायंकाळी ६:४०)

अगदी तेच. आणि ऐंशी मेंढरांना ७ किलोच्या वर भुकटी. पळस फुलतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, शेंगा एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि एका शेंगेत एकच बी. पापडी गोळा करायची ती उन्हाळ्यात. जुलैत जाग आली तर भुंगे लागलेलं बी मिळतं किंवा काष्ठौषधीच्या दुकानात किती जुनं आहे ते न कळणारं.

चिंचेखाली (१३ जुलै, सायंकाळी ६:५५)

पळसाला पानं तीन आणि शेंगेत बी एक. काटकसरी झाड आहे!

अर्कशाळा (१३ जुलै, रात्री १०:३०)

मी पिंपरीत औषधाच्या कंपनीत अर्क काढण्याच्या विभागात बावीस वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भुकटी, काढा आणि अर्क या तीन वेगळ्या वस्तू आहेत, हे घरी कुणी लक्षात घेत नाही. एम्बेलिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. तुम्ही वावडिंग तासभर उकळलंत तरी ते बरंचसं चोथ्यातच राहणार आणि चोथा आपण गाळून टाकतो. जुन्या लोकांनी वावडिंग कुटून ताकातून, चोथ्यासकट पाजलं, हे माझ्या मते फार शहाणपणाचं होतं. वर तू यूयूंचा उल्लेख आला. त्यांचं काम नेमकं इथेच अडलं होतं. उकळून काढलेला अर्क धड लागू पडत नव्हता. चौथ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात वनस्पती पाण्यात भिजवून पिळायला सांगितलं होतं, उकळायला नाही. ते वाचून त्यांनी कमी उष्णतेत, इथरमध्ये अर्क काढला आणि औषध हाती लागलं.

दुसरी अडचण मेंढीच्या पोटाची. काचेच्या बशीत अर्क थेट अळीवर पडतो आणि अळी मरते. मेंढीच्या पहिल्या पोटात दहा-पंधरा लिटरचं आंबवण चालू असतं. तिथे अर्क पातळ होतो आणि तिथले जिवाणू त्यातली काही द्रव्यं मोडूनही टाकतात. चौथ्या पोटापर्यंत काय आणि किती पोचतं हा खरा प्रश्न. म्हणून बशीतल्या यशाच्या बातम्या वाचून मी कधीच लगेच खूश होत नाही. वर रानवेडी यांनी सांगितलेला अभ्यास जिवंत मेंढ्यांवरचा आहे, त्याची किंमत म्हणूनच जास्त.

तिसरी गोष्ट, दोन डोंगरांवरच्या एकाच झाडाच्या बीत द्रव्याचं प्रमाण सारखं नसतं. कंपनीत आम्ही प्रत्येक पोत्याची तपासणी करायचो. मुठीला ती सोय नाही.

शिरूरची_लेक (१४ जुलै, सकाळी ७:२०)

सगळ्यांना हात जोडून विनंती, सीताफळाच्या बियांचा प्रयोग कुणी करू नका. कुणीतरी सांगितलं म्हणून माझ्या भावानं बिया वाटून शेळ्या-मेंढ्यांना पाजल्या. दोन गाभण मेंढ्या गाभडल्या. वाटताना उडालेल्या थेंबानं वहिनीचा डोळा इतका सुजला की आठ दिवस दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या. झाडाचं आहे म्हणून निर्धोक, हे आमच्या घरात आता कुणी बोलत नाही.

गुरांचा_डॉक्टर (१४ जुलै, सकाळी ८:०५)

ताई, हे लिहिलंत फार बरं केलंत. सीताफळाचं बी डोळ्याला घातकच आहे आणि गाभण जनावराला तर देऊच नये. अल्बेंडाझोलसुद्धा गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात टाळतात.

वाघरवाला (१४ जुलै, सकाळी ८:४०)

मोरचुदाचं काय? आमच्यात जुनी माणसं मोरचुदाचं पाणी पाजायची.

गुरांचा_डॉक्टर (१४ जुलै, सकाळी ९:१०)

पूर्वी जगभर पाजत, कधी तंबाखूच्या अर्काबरोबर. पण मोरचुदात तांबं असतं, आणि तांबं मेंढीला जितकं बाधतं तितकं गाई-शेळीला बाधत नाही. ते यकृतात साठत जातं आणि एक दिवस अचानक लघवी लाल होऊन मेंढी मरते. मोरचूद नको.

नीरेकाठी (१४ जुलै, दुपारी १२:३०)

थोडं अवांतर. फलटणच्या निंबकर संस्थेची नारी सुवर्णा मेंढी कुणाकडे आहे का? जुळी देते म्हणतात. आमचा विचार चाललाय.

वाघरवाला (१४ जुलै, दुपारी १:००)

माझ्या मेव्हण्याकडं पंधरा आहेत. जुळी देतात हे खरं, पण दूध पुरवायला खुराक लागतो. नुसत्या माळावर नाही भागत.

गुरांचा_डॉक्टर (१४ जुलै, दुपारी १:४०)

अवांतर म्हणता म्हणता तुम्ही मुद्द्यावरच आलात. त्या मेंढीत सुंदरबनातल्या गारोळ जातीचा जुळ्यांचा जनुक आहे. व्यायच्या सुमारास कुठल्याही मेंढीची जंतांशी लढायची ताकद ढिली पडते आणि लेंडीतली अंडी वाढतात. पोटात दोन असतील तर आणखी जास्त. जुळी देणारी मेंढी आणाल तर व्यायच्या आधी आणि नंतर तिची पापणी बघायची सवय ठेवा.

म्हाताराधनगर (१५ जुलै, रात्री ८:१५)

नातवाकडून लिहून घेतोय. मी साठ वर्षं मेंढरामागं चाललो. दिवाळी झाली की वाडा, म्हंजी आमचा तांडा, हलायचा. घोड्यावर बिऱ्हाड, वाटंत शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, खताचं धान्य घ्यायचं, घाट उतरून कोकणात जायचं. पावसाच्या आधी परत माळावर. एका रानात दोन-चार राती, लई झालं. ज्या रानात लेंडी पडली तिथं परत वर्षानंच पाऊल.

आता माझी पोरं एका जागी शेड बांधून राहिल्यात. कालव्याच्या कडंला, उसाच्या बांधाला तेच गवत रोज. पहिल्यांदा जंताच्या बाटल्या किती लागायच्या आणि आता किती लागत्यात ते तुम्हीच बघा. औषध आम्ही पण पाजायचो, पळसपापडी, वावडिंग, कडुनिंबाचा पाला. पण मेंढरू त्या औषधावर तगलं का चालण्यावर, हे मला आजपतुर उमगलं न्हाई. माझा बा म्हणायचा, दव वाळल्याशिवाय वाघर, म्हंजी मेंढरं कोंडायची जाळी, उघडू नगं.

गुरांचा_डॉक्टर (१५ जुलै, रात्री ९:००)

बाबा, नमस्कार. तुमच्या वडिलांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. अळ्या दवाच्या ओलीतून पात्यावर चढतात, ऊन तापलं की खाली उतरतात. गवताच्या खालच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये त्यांची गर्दी असते. मेंढरू तोंड खाली घालून अगदी मुळाशी चरायला लागलं की पोटात जंतच जास्त जातात.

रानवेडी (१६ जुलै, सकाळी १०:२०)

बाबांचं वाचून अंगावर काटा आला. चालण्याबरोबर आणखी एक गोष्ट सुटली असावी असं मला वाटतं. फिरतं मेंढरू बाभळीच्या शेंगा आणि नाना प्रकारचा झाडपाला खायचं. बाभळीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर. टॅनिनयुक्त चाऱ्यानं जंतांची अंडी घटतात यावर बाहेरच्या देशांत बरंच काम झालंय, त्यातलं नाव घेण्यासारखं म्हणजे सेरिसिया लेस्पेडेझा नावाचं चाऱ्याचं पीक. झाडपाला उंचावरचा, तिथे अळ्या पोचत नाहीत हा आणखी एक फायदा. मात्र टॅनिन फार झालं तर मेंढी चारा कमी खाते आणि पचनही बिघडतं, त्यामुळे शेंगा इतर चाऱ्याबरोबरच द्याव्यात. मला वाटतं वनस्पतींची खरी जागा बाटलीच्या बदल्यात नाही, रोजच्या चरण्यात आहे.

रोखठोक (१६ जुलै, सकाळी ११:००)

हे मात्र मला पटलं. माझा आधीचा शब्द जरा घाईचा होता, मागे घेतो.

माळावरचा (११ ऑगस्ट, रात्री ९:३०)

उशीर झाला, माफ करा. काय काय झालं ते सांगतो.

त्या अकरा मेंढ्यांना डॉक्टरांनी दुसऱ्या गटाचं औषध वजनाप्रमाणे दिलं. वजनासाठी चुलत्यांनी धान्याच्या काट्यावर पाळणा टांगला. दहा वाचल्या, एक चौथ्या दिवशी गेली, तिला फार उशीर झाला होता.

वडिलांचं मन मोडायचं नव्हतं. म्हणून फिक्या गुलाबी पापणीच्या मेंढ्यांतल्या वीस निवडल्या, एकही गाभण नाही. दहांना पळसपापडीची भुकटी किलोमागे ३ ग्रॅम, ताक-गुळातून, सकाळ-संध्याकाळ अशी वाटून. दहांना काहीच नाही. सगळ्यांच्या कानाला रंगीत दोरे. पाजायच्या दिवशी आणि दहाव्या दिवशी ताज्या लेंड्या थंड डब्यात घालून मी स्वतः औंधच्या रोग अन्वेषण विभागात नेऊन दिल्या. पळसपापडी मामांनी मे महिन्यात घरासाठी गोळा करून ठेवलेली होती, म्हणून जमलं.

पाजलेल्या दहांची अंडी निम्म्याच्या जरा खाली आली. न पाजलेल्यांची वाढली. पाजलेल्यांतली एक मात्र नवव्या दिवशी पांढरी पडली, तिला लगेच बाटलीचं औषध दिलं. दोघींनी दिवसभर चारा सोडला होता, दुसऱ्या दिवशी खायला लागल्या.

वडिलांनी कागद दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "म्हणजे पणजा खोटा नव्हता, पण हिच्या एकटीच्या जिवावर कळप सोडायचा नाही." दुसऱ्या दिवसापासून मेंढरं आठच्या आधी सोडत नाहीत आणि ओढ्याकडचं रान बंद केलंय.

गुरांचा_डॉक्टर (११ ऑगस्ट, रात्री १०:१५)

फार नेटकं काम केलंत, विशेषतः दहा न पाजलेल्या ठेवल्यात हे. त्या नसत्या तर घट पळसामुळे झाली की आपोआप, हे कळलंच नसतं. औषध पूर्ण लागू आहे असं म्हणायला अंडी निदान ९५ टक्क्यांनी घटायला हवीत, त्यामुळे आजारी मेंढीसाठी हा उपचार नव्हे. पण निम्मी अंडी कमी म्हणजे रानात पडणाऱ्या अळ्याही तेवढ्या कमी, हा फायदा आहेच. मेंढ्या दहाच होत्या, म्हणून पुढच्या पावसाळ्यात परत करून बघा. दर पंधरा दिवसांनी पापण्या बघा आणि पांढरी दिसेल तिलाच औषध द्या, सगळ्या कळपाला नको. पापण्यांच्या पाच रंगांचा एक तक्ता मिळतो, दक्षिण आफ्रिकेतल्या फाफा मलान यांच्या नावावरून त्याला फामाचा म्हणतात. डॉक्टरांकडून तो मागून घ्या.

वाघरवाला (११ ऑगस्ट, रात्री १०:४०)

वडिलांना माझा रामराम सांगा. पुढच्या मेमध्ये आमच्याकडचे पळस लगडले की पोतंभर पापडी पाठवतो, सासवडला कुणाच्या हाती द्यायची तेवढं कळवा.

म्हाताराधनगर (१२ ऑगस्ट, सकाळी ७:०५)

ती दुसऱ्या दोरेवाली जी न पाजलेली दहा होती, त्यांस्नी आता औषध दिलं का न्हाई?

माळावरचा (१२ ऑगस्ट, सकाळी ७:४०)

बाबा, पापणी बघून चौघींना दिलं. बाकीच्या सहा बऱ्या आहेत, रविवारी परत बघणार आहे.